एकच मेहूण

"बाई, तो हळदीच्या पातेल्यात चष्मा पडतो ना, तिथं माझं वरण करपलं," दगडाबाई म्हणाल्या. "ह्यांनी गपगुमान खाल्लं. मी पुढलं पान उलटत होते."

बैठकीतल्या बायका हसल्या. कालिंदीही हसली. हे हसू नेमकं कुठं आणायचं, ते तिला आता पाठ झालं होतं.

'सासर अडीच गल्ल्या' ही व्यंकटरावांची पहिलीच कादंबरी. नवरा विसराळू, बायको खट्याळ. भांडण रोज, समेट रोज. औरंगाबादेतल्या बायकांनी ती डोक्यावर घेतली. महिला मंडळं जोडप्यानं बोलवायची, नारळ-खण द्यायची, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न निघायचा.

"ती खट्याळ बायको म्हणजे तुमीच ना?" भागूबाईंनी तो आजही विचारला.

"विचारा तिलाच," व्यंकटराव ठरल्याप्रमाणे म्हणाले.

"चष्मा खरा," कालिंदी म्हणाली. "पण हळद नव्हती, पिठलं होतं."

ही ओळ त्यांनीच तिला लिहून दिली होती.

"नशीब लागतं," भागूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं पिठल्यात मीठ कमी पडलं की ताटच उडतं. चष्म्याची पाळी येतीय कुठली."

पुन्हा हशा. घरच्या यजमानीण वच्छलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पुस्तकाबद्दल त्या अजून अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी कालिंदीला कुंकू लावलं, तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांवर कार्बन कागदाची निळाई दिसली. मग त्या आत गेल्या.

आषाढात कालिंदी आणि व्यंकटरावांचा काडीमोड झाला होता. दोघांच्या संमतीनं, भांडणतंटा न करता. त्याआधीच तिनं शेंद्र्याच्या शाळेत नोकरी धरली होती, तिथंच खोली घेतली होती. पुस्तक मात्र त्याच महिन्यात खपायला लागलं. प्रकाशक म्हणाले, दुसरी आवृत्ती निघेपर्यंत बोभाटा नको. व्यंकटरावांनी हात जोडले. ती भिडेला पडली. तेव्हापासून कार्यक्रम असला की ती बसनं यायची, चौकात उतरायची, आणि त्यांच्या स्कूटरवर मागं बसायची. मधे पिशवी ठेवून.

हारतुरे, भाषणं तिनं निभावून नेली होती. आजचं वेगळं होतं.

वच्छलाबाईंच्या सोळा सोमवारांचं आज उद्यापन. पत्र थेट शेंद्र्याच्या शाळेवर आलं होतं. पत्ता व्यंकटरावांनीच दिला असणार, असं तिनं धरलं. 'एकच मेहूण सांगितलं आहे, ते तुम्ही दोघं,' एवढाच मजकूर. ती नाही म्हणायच्या आत व्यंकटरावांनी होकार कळवून टाकला होता.

ती रात्रभर तळमळली. लहानपणापासून तिचा एक सोमवार सुटला नव्हता. मेहूण म्हणून जोडपं जेवू घालायचं, त्यांच्यात महादेव-पार्वती बघायची. त्या पाटावर खोटं कसं बसायचं?

"आज बोललीस तर दिवे लागायच्या आत सगळ्या पुंडलिकनगरात होईल," स्कूटर लावताना व्यंकटराव हळूच म्हणाले होते. "दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे, कालिंदी. अजून एक महिना."

"अहो, दुसऱ्याचं व्रत मोडायचं नसतं." कागद झाला तरी तोंडातून 'अहो'च यायचं.

"त्यांना कुठं कळणारंय?"

"त्यांना नाही कळणार. पण ज्याच्या नावानं केलंय त्याला कळतं ना."

बैठकीत आता पाट मांडले गेले. शेजारी शेजारी दोन. भोवती रांगोळी. कुणीतरी हौसेनं दोघांच्या ताटांमध्ये कादंबरीही ठेवली.

कालिंदी उठली आणि स्वयंपाकघरात शिरली.

वच्छलाबाई परातीत चुरमा मळत होत्या. मागच्या दाराला कडी होती. ते दार गल्लीत उघडत होतं. सांगून टाकायचं आणि तिथूनच बस गाठायची, असं तिनं ठरवलं होतं.

"मावशी, थोडं बोलायचंय."

"बोला की."

"आमचं मेहूण चालायचं नाही." तिचा आवाज मुळात बारीक, तो आणखी बारीक झाला. "आमचा काडीमोड झालाय, आषाढात. पुस्तकासाठी लपवलंय. तुम्ही सोळा सोमवार उपास काढलेत. संकल्प कशाचा आहे ते मला माहीत नाही, पण आम्हाला बसवलंत तर फळ जाईल. दुसरं जोडपं बोलवा. वेळ आहे अजून."

वच्छलाबाईंनी चुरम्यावर तूप सोडलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं?" कालिंदीनं विचारलं.

"कोर्टापुढं झाडाखाली टायपिंगला बसते मी. तुमच्या वकिलानं तुमचा कागद माझ्याकडंच टाकला होता. शेंद्र्याचा पत्ता त्याच्यातच होता. तुमी दोघं आलतात बी सही करायला, पण टायपिंगवाल्या बाईकडं कोण बघतंय?" त्यांनी हात पुसले. "नावं वाचली अन् बोटं थांबली माझी. पुस्तक मशीनशेजारीच पालथं होतं, निम्मं वाचलेलं. लई रडले त्या दिवशी."

"मग तरी आम्हालाच..."

"मेहूण आलं का?" बाहेरून दगडाबाईंनी हाक दिली. "पानं वाढलीत."

कालिंदी मागच्या दाराकडं वळली. वच्छलाबाईंनी तिचं मनगट धरलं. जोरानं नाही, देवापुढचा दिवा धरावा तसं.

"दुसऱ्याचं व्रत मोडणाऱ्यातल्या तुमी न्हाई, ते दिसतंच हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं दोघांचं पुन्हा जमावं म्हणून सोळा सोमवार नुसत्या पाण्यावर काढलेत मी. चला, ते पाटावर बसलेत."