तिथलं काहीतरी

लिफाफ्यातून कार्ड काढताना पद्मिनीच्या बोटांना काळं लागलं.

कार्ड नेहमीसारखंच, पत्त्याच्या पानाएवढं. रात्रीचा समुद्र, डावीकडे लालपांढरा दीपस्तंभ, आणि काठावर डिंकानं चिकटवलेली काळी, चमकती वाळू. मागे क्षमाचं गोल अक्षर: दीदी, आता तुझी पाळी. लिफाफ्यावर शिक्का पुरीचाच होता.

लहानपणी नाना तिन्ही लेकरांना एकदा पुरीला घेऊन गेले होते. रायपूरच्या पोरींनी समुद्र पाहिला तो तेवढाच. तेव्हापासून दोघी बहिणी समुद्राची चिमुकली कार्डं करत आल्या. एक द्यायचं, एक घ्यायचं. नियम एकच: कार्ड जिथे केलं तिथलं काहीतरी त्यावर चिकटवलेलं हवं. पद्मिनीच्या समुद्रांना बुढा तलावावरच्या बगळ्याची पिसं असायची, कधी सदर बाजारातली जरीची किनार. क्षमा तर नियमाची एकदम पक्की. पोट्टीला खोटं बोलायला कधी जमलंच नाही.

ती यशदीपबरोबर पळून गेली त्याला दीड वर्ष झालं. समुद्राकाठी नोकरी लागली, आम्ही सुखात आहोत, एवढाच निरोप आला आणि फोन बंद झाला. मग नुसती कार्डं. उत्तर पाठवायचं ते पुरीच्या किनाऱ्यावरच्या एका शंखशिंपल्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर. आणि याआधीच्या इतक्या कार्डांत एकदाही तिथलं काही चिकटवलेलं नव्हतं. पद्मिनीला ते फार खुपायचं.

घराची तर रयाच गेली होती. नानांनी चारचौघांत बसणं सोडलं. बहीण सापडेपर्यंत वस्तरा लावणार नाही असं शंकर बोलला, आणि त्याची दाढी छातीवर आली. पद्मिनीचं भिलाईला जमत आलेलं लग्न मोडलं. ज्या घरच्या मुलीचा पत्ता नाही, तिथे सोयरीक कोण करणार? लोक तोंडावर हळहळायचे आणि पाठ वळली की कुजबुजायचे.

गेल्या हिवाळ्यात पद्मिनी आणि शंकर पुरीला जाऊनही आले. क्षमाचा फोटो दाखवत लॉजमागून लॉज पालथे घातले. शिंपल्यांच्या दुकानदारानं फोटोतली मुलगी कधी पाहिली नव्हती. पाकिटं एक ट्रकवाला आणतो आणि नेतो, कधी येईल त्याचा नेम नाही, असं तो म्हणाला. शंकरनं समुद्राकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पद्मिनी मात्र पिवळसर वाळूत पाय रोवून बराच वेळ उभी राहिली. निघताना तिनं दुकानातून फ्रिजवर लावायचं शंखाचं चुंबक घेतलं.

आज ती तेच चुंबक घेऊन नवं कार्ड फ्रिजवर लावायला गेली, आणि कार्डावरची वाळू उभी राहिली. काही कण सुटून चुंबकाला जाऊन चिकटले.

ती वाळू नव्हती, लोखंडाची भुकटी होती.

नाना रायपूरजवळच्याच सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यातून रिटायर झालेले. ते कामावरून आले की दोघी बहिणी त्यांच्या शर्टावरून चुंबक फिरवायच्या. जिच्या चुंबकाला जास्त मिशा, ती जिंकली. क्षमा हे विसरणं शक्य नव्हतं.

"मुद्दाम लावलं तिनं," पद्मिनी नानांना म्हणाली. "मलेच समजावं म्हणून."

नानांनी चुंबक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं पुटपुटले आणि शंकरला हाक मारली.

मग तिनं सगळी कार्डं जमिनीवर मांडली. प्रत्येकात तोच दीपस्तंभ. टोकाला दिवा नाही, ढग. शेजारी निळी टाकी. पुरीत असं काही दिसलं नव्हतं. दीपस्तंभ कसला, ती चिमणी होती, एकाच खिडकीतून पुन्हा पुन्हा पाहिलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं गाडीनं सिलतऱ्याला गेली. निळ्या टाकीशेजारची चिमणी सापडायला फार वेळ लागला नाही. जास्त माणसं दिसली की वस्तीत कुजबूज होते, म्हणून नाना आणि शंकर वळणावर गाडीतच थांबले.

चिमणीसमोरच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि कोपऱ्यात बोटाएवढा निळा मासा रंगवलेला. पद्मिनीनं हळूच हाक मारली. कागद बाजूला झाला.

क्षमा वाळून गेली होती. तिनं गजांतून हात काढून बहिणीचा हात घट्ट धरला.

"मले माहीत होतं दीदी, तू येशील."

"कुलूप काहून?"

"यशदीप लावून जाते. घरात कोणी नाही असं वाटलं पाहिजे ना. चावी त्याच्यापाशीच असते. सहाले येते तो."

"रोज?"

"हव." क्षमानं गल्लीकडे भेदरून पाहिलं. "तू कोणाले सांगितलं तर नाही?"

पद्मिनीनं नकारार्थी मान हलवली. तिला रडू आवरेना, आणि ते रडू खरं होतं.

ती घरून आपलं कार्ड घेऊन आली होती. रीत मोडायची नाही, एक द्यायचं, एक घ्यायचं. क्षमानं आतून दिलेल्या कार्डावर दोन मोठे मासे होते आणि त्यांच्यामध्ये एक इवलासा. पद्मिनीची नजर क्षमाच्या सैल कुडत्यावर गेली. क्षमा लाजून हसली.

"आता जा," ती म्हणाली. "कोणी पाहीन."

पद्मिनी वळणावर आली तेव्हा डोळे पुसून झाले होते. ती मागच्या सीटवर बसली आणि कोणती खोली, कुलूप कुठून, तो किती वाजता येतो, ते सगळं तिनं सांगितलं. पर्समधल्या कार्डाबद्दल ती काही बोलली नाही.

शंकरनं आरशात पाहून दाढीवरून हात फिरवला. दाढी उद्या सकाळी करून टाकतो, म्हणाला.

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"घाई नको करू. आधी सहा वाजू दे," ते म्हणाले. "पोट्टीच्या नावाची आंघोळ तर आपण कवाच केली. आता त्याच्या घरच्यांलेही करू दे."