गोलकीपर

वस्तीतल्या पोरींचा फुटबॉल त्याच्याच फोटोंमुळे पेपरात झळकला होता. आज मात्र तो पोलीस चौकीत घामाघूम होऊन कॅमेऱ्यातले जुने फोटो एकामागून एक सरकवत होता. पोरींच्या संघाची गोलकीपर कालपासून बेपत्ता होती आणि हवालदाराला तिचा चेहरा दिसेल असा एक फोटो हवा होता. पण गोल व्हायचे ते समोरच्या संघाच्या जाळ्यात, म्हणून हा कायम त्या जाळ्यामागेच ठाण मांडून बसायचा. प्रत्येक फोटोत ती आपली लांबवर, नखाएवढी, पुसट.

"राहू द्या हो," हवालदार वैतागला. "तिच्या बापाला बोलवा. त्याच्याकडे तरी धड फोटो असेलच की!"



"साहेब... तिचा बाप मीच."