सोनवट वळवली तेव्हा

नव्या राजधानीला पाणी हवं म्हणून यंत्रांनी डोंगर वितळवून सोनवट नदी पलीकडे वळवली, आणि आज अधिकारी पाण्याविना राहिलेलं गाव उठवायला आले. गावातच जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञ इंदुमती खैरनार उत्खननाच्या खड्ड्यात होत्या. अधिकाऱ्यांचे साहेब त्यांना म्हणाले, "बाई, यात नवं काय? तुम्हीच लिहिलंय, नदीने पात्र बदललं आणि इथली पहिली वस्ती उठली."

इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या वस्तीतल्या माणसांसमोर जाब विचारायला कोणी नव्हतं. आमच्यासमोर तुम्ही आहात."

त्या खड्ड्यातून वर आल्या आणि कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या साहेबांच्या गाडीपुढे जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्यांच्यामागे येऊन बसलं होतं.