उभे पट्टे

चित्र हातोहात फिरत होतं आणि सगळे घोडाच बघत होते.

"गुडघे बघा, गुडघे! हा डोंगरातला घोडा आहे, सपाटीवरचा नव्हे."

"कान जरा लांब काढलेत. खेचर वाटतंय."

"तुझ्या दारात खेचरच बांधलंय, तुला दुसरं काय दिसणार!"

मुखिया थेकोंच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. पुरुष पुढे, दगडांवर. बाया मागे, भिंतीच्या आडोशाला. वारा अंग कापत होता. राजधानी मासेरूहून आलेले सरकारी अधिकारी ख्वारायसाहेब जीपला टेकून हसत होते. देशाची पहिली स्वतःची नोट निघायची होती. आजवर हातात यायचे ते शेजारच्या देशाचे पैसे, त्यांच्या हरणाच्या चित्राचे. आता नावही आपल्याच डोंगरांचं, लोती. आणि चित्रही आपलंच: गवताची टोकदार टोपी घातलेला, घोंगडी पांघरलेला स्वार. नऊ गावांच्या मुखियांचे शिक्के पडले होते. हे दहावं गाव, शेवटचं. इथला शिक्का पडला की उद्याच्या विमानाने चित्र परदेशी छापखान्याकडे जाणार होतं.

बायांकडे ते सगळ्यांत शेवटी आलं. मासेआबाताने दोन्ही हात पुढे करून घेतलं. गुरुवार होता. तिचा उपास असतो, आणि प्रार्थनेहून ती तशीच इकडे आली होती. तिनेही आधी घोडाच पाहिला. मग स्वार पाहिला. मग बराच वेळ तिने मान वर केली नाही.

"काय गं, घोडा नाही आवडला?" शेजारणीने कोपराने ढोसलं.

"घोडा छान आहे," ती हळूच म्हणाली, आणि उठली.

तोवर मुखियांनी शिक्का शाईत बुडवला होता.

"मोरेना, थांबा," तिने मुखियांना मानाने हाक दिली. आवाज इतका बारीक की मागच्याने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला सांगत तो मुखियांपर्यंत पोचवला. "घोंगडीचे पट्टे आडवे काढलेत."

ख्वारायसाहेब पुढे आले, आईला घालावी तशी हाक घालून म्हणाले, "म्मे, नोट आडवी आहे, म्हणून कारागिराने पट्टे आडवे घेतले. शोभून दिसतात. आणि एवढ्या मोठमोठ्या लोकांनी पाहिलंय हे."

"त्यांनी घोडाच पाहिला असेल."

हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "चार रेघांसाठी नऊ शिक्के वाया घालवू? उद्या विमान आहे, म्मे."

"माझी सून पोटुशी आहे, साहेब. मूल झालं की त्याच्या मुठीत आपली पहिली नोट ठेवीन, असं मी देवापुढे बोलले आहे." ती थांबली. "ही कशी ठेवू?"

साहेबांनी मुखियांकडे बघून नुसते खांदे उडवले.

मासेआबाताने छातीवरची पिन काढली. घोंगडी अंगावरून उतरवली. खाली नुसता सुती झगा.

"जरा वाकता का?"

साहेब उंच होते. वाकले. तिने घोंगडी त्यांच्या खांद्यांवर टाकली, पट्टे आडवे करून.

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं काढ ते! आडव्या पट्ट्यांनी पोराची वाढ खुंटेल!"

"मेल्या, तुझी आई बघत असती तर?" दुसरी.

साहेबांचे हात आपोआप वर गेले. घोंगडी खांद्यावर फिरली, सारखी झाली. पट्टे सरळ, खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत. मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते तसेच उभे राहिले.

मुखियांनी शिक्का दगडावर ठेवून दिला. "पेन्सिल आहे का, साहेब?"

जीपच्या नाकाडावर चित्र पसरलं. साहेबांनी आडव्या रेघा एकेक करून खोडल्या आणि नव्या ओढल्या, स्वाराच्या खांद्यापासून थेट रिकिबीपर्यंत. समासात मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली आणि तिच्याखाली स्वतःची सही केली. मग शिक्का पडला.

बायांनी जिभा फिरवून अशी काही किलकारी मारली की भिंतीशी बांधलेल्या सगळ्या घोड्यांचे कान एकदम उभे राहिले.

"बघ! तेवढेच लांब आहेत!"

साहेब जीपकडे निघाले, अडखळले, परत आले. मासेआबाता दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत उभी होती. ते खांद्यांवरून ती उतरवू लागले.

"म्मे, तुमची घोंगडी..."

तिने त्यांचा हात धरला.

"राहू दे अंगावर, बाळा. अजून वाढायचंय तुला."