बॉनेटवर हात

जुनी डिझेल गाडी घेताना मी आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं, तर मालकानं ती आधीच सुरू करून दोष झाकलेला असतो. अकोल्यातली ही आत पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली ट्रॅव्हलर गाडी मात्र गारेगार होती.

"सालभर कोनी आत चढलं नाई," मालकानं कुलूप उघडलं आणि तो चहा सांगायला गेला.

संत्री विकून आलेले रोख पैसे पिशवीत घेऊन माझी बायको रागिणी हौसेनं आत गेली आणि मागच्या पलंगावर आडवी झाली.

"अवो, गादी कशी गरम हाये!"

"उन्हानं असन," मी म्हटलं खरं, पण गाडी निंबाच्या सावलीत होती.

ती खुदकन हसली. "घेऊनच टाकू. पन तुमी जरा तिकडे सरका ना, मले पाय पसरू द्या."

माझा हात अजून बॉनेटवरच होता.