परतीचा होकार

आबासाहेबांना दिसेनासं झाल्यापासून त्यांची सरकारी पत्रं लेक दर्याबाईच वाचून दाखवायची. इंग्रजांनी गादी काढून घेऊन त्यांना सहकुटुंब काशीला धाडलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. दरसाल ते परतीचा अर्ज करत आणि दर्याबाई नकार वाचून दाखवी.

आता ते अंथरुणाला खिळले होते. लेकीचा हात धरून म्हणाले, "माझ्यापायी तुझा जन्म परमुलखात गेला, पोरी. मला क्षमा कर."

दर्याबाईला ते ऐकवेना. "आबासाहेब, एकदा होकार आला होता. गादीवरचा हक्क सोडून रयतेसारखं राहायचं, एवढीच अट होती. मीच तुम्हाला नकार म्हणून सांगितलं."

"का गं?"

"तिकडे मी पडद्यात होते. इथे शास्त्रीबुवांकडे शिकायला जाते, घाटावर मोकळी फिरते. पुन्हा कोंडून घ्यायची भीती वाटली मला."

आबासाहेब थोडे हसलेच. "जाऊ दे. रयत होऊन मी तरी कुठला परतलो असतो?"

दर्याबाई त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"कधी आलं होतं ते पत्र?" त्यांनी सहज विचारलं.

"चार वर्षांपूर्वी. चैत्रात."

केसांवरचा हात थांबला.

"चैत्रात तुझी आई होती," ते म्हणाले. "श्रावणात गेली. इथे गंगा असून आपल्या ओढ्याचं पाणी मागत गेली."