सदुसष्टचा गोल

"डबा उघडू नकोस हं मर्व. मीसुद्धा अजून पाहिलेलं नाही," ब्रॉनविन म्हणाली आणि प्रोजेक्टरची वायर शोधायला बाहेर गेली.

क्लबाच्या स्वयंपाकघरात मर्व हॅलम एकटाच उरला. ओट्यावर बशीएवढा पत्र्याचा डबा होता. शेजारी चहाचं मोठं भांडं उकळत होतं. रीळ त्यात टाकायला एक क्षण पुरला असता.

ब्रॉनविन क्लबाची सेक्रेटरी. ऑस्ट्रेलियातल्या मेरिन व्हेल फुटबॉल क्लबाला शंभर वर्षं होत होती आणि ती त्याचा इतिहास लिहीत होती. शंभर वर्षांत क्लब एकदाच विजेता ठरला होता, १९६७ साली. त्या फायनलची फिल्म आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. खाटीक पास्को वारला, मुलीने त्याचं गॅरेज आवरलं, तेव्हा त्याने काढलेल्या फिल्मचा हा डबा निघाला. ही बातमी कळल्यापासून मर्वचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्या फायनलला गोल अंपायर तोच होता. तेव्हा गोल अंपायर क्लबाचाच माणूस असायचा. पांढरा कोट, हातात दोन निशाणं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू मधल्या दोन खांबांतून स्वच्छ गेला तर गोल: दोन निशाणं, सहा गुण. खांबाला नुसता घासला तरी एकच निशाण, एकच गुण.

मेरिन व्हेल तीन गुणांनी मागे होतं. वेळ संपत आली होती. डगी टलीने चेंडू उचलला, अर्धं मैदान पळत आला आणि किक मारली. चेंडू आत गेला, पण जाताना खांबाला लागला. टक्. बारीकसा आवाज. मर्वशिवाय कुणी ऐकला नाही.

मर्वने दोन निशाणं हलवली. पाठोपाठ शेवटची घंटा झाली.

बावन्न वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नाही. नोलाला तर नाहीच. नोला त्याची बायको आणि क्लबाची टाइमकीपर. अंडी उकडायची तीही स्टॉपवॉच लावून. मैदानावर काटा पोचला की तिच्या हातातली घंटा वर जायची, आणि वर गेली की वाजायची. मधे श्वासाएवढीही फट नसे. समोरच्या क्लबाचा टाइमकीपर तिच्या शेजारी बसायचाही नाही. "नोला आहे ना? मग मी कुंपणाशी उभा राहून मॅच बघतो," म्हणायचा. अशा बाईला कोणत्या तोंडाने सांगणार?

पण तिला कळलंय, असं त्याला कायम वाटायचं. सदुसष्टच्या टीमचं दरवर्षी जेवण असायचं. नोला एकदाही आली नाही. नेमकं त्याच दिवशी तिचं डोकं दुखायचं. आणि गेल्या जुलैत, दवाखान्यात, ती हळूच म्हणाली होती, "मर्व, त्या फायनलचं एकदा बोलायला हवं आपण."

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. "झोप आता. उद्या बोलू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती.

मर्वने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"काय म्हाताऱ्या, सॉसेज रोल ढापतोयस?"

दारात डगी टली उभा होता. वॉकर पुढे सरकवत तो आत आला.

"फिल्म फार जुनी आहे, डगी," मर्व म्हणाला. "काही दिसायचं नाही."

"न दिसायला काय झालं? पास्को नेहमी टाइमकीपरच्या टेबलाजवळच उभा राहायचा. तिथून खांब सरळ दिसतात. माशी बसली असेल तर तीही दिसेल." डगीने डबा उचलून काखेत मारला. "नातवंडं आलीत माझी. कार्टी म्हणतात, आजोबा थापा मारतो. आज बघू दे म्हणावं. आयुष्यात एकच गोष्ट धड केली मी, तीसुद्धा तुझ्यासमोर. चल, पुढच्या रांगेत बस."

मर्व मागच्या रांगेत, दाराजवळ बसला. खिशात नोलाचं स्टॉपवॉच होतं. ते त्याने घट्ट धरून ठेवलं. पडदे ओढले, दिवे गेले.

फिल्म मुकी होती. तरुण डगी दिसला तशी पोरं ओरडली, "आजोबा, केस होते तुम्हाला?" सगळे हसले. मग गुणफलक दिसला. तीन गुणांनी मागे. दूर खांबांपाशी पांढरा ठिपका होता. तो मर्व. डगीने चेंडू उचलला आणि पळत सुटला.

आणि कॅमेरा वळला.

"अरे ए पास्को, तिकडे कुठे?" डगी ओरडला.

पास्कोला बहुतेक शेवटची घंटा टिपायची होती. पडद्यावरून मैदान गेलं, खांब गेले, टाइमकीपरचं टेबल आलं.

"गेला गोल," ब्रॉनविन म्हणाली. "आता पुस्तकात काय छापू?"

"खाटीकच तो. नको तिथे कापणारच," कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

मर्वने बावन्न वर्षांचा श्वास सोडला. मग त्याने नीट पाहिलं.

पडद्यावर सत्तावीस वर्षांची नोला होती. तिने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. उठून उभी राहिली. घंटा वर केली.

मग तिने मैदानाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या हाताने घंटेतला लोलक मुठीत आवळून धरला.

ती तशीच उभी होती. खूप वेळ. तिच्या मागचे लोक हात उंचावून उड्या मारायला लागले, तेव्हा कुठे तिने मूठ सोडली.